झेलणारी

४ ऑगस्ट

चि. भिंगरी हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? वसतिगृहाचं पाणी आता मानवलं का, की पोट अजून गुडगुडतंय? आईचा गुडघा कसा आहे? मला ती 'बरा आहे' एवढंच लिहिते, म्हणजे बरा नाही. बाबांची साखर? आणि त्यांचं चोरून खाणं? धाकटा मोठा झाला, की नुसताच लांब झाला? तुझ्या खोलीतली ती शिंकणारी मैत्रीण धडधाकट आहे ना? माझं म्हणशील तर कान सोडून सगळं शाबूत. कान धुलाईघरातच ठेवून आले. म्हणून तर फोनवर तू ओरडतेस आणि मी नुसतं 'हो हो' म्हणते. पत्र बरं. पत्र ओरडत नाही.

तुमच्या विद्यापीठाच्या पोरांना रुग्णालयाच्या धुलाईघरावर नाटकं करावीशी वाटतात, हे वाचून आधी हसू आलं. तिथं नाटक करायला उसंत कुणाला होती! पण तू पाच छोट्या नाटकांची माळ करणार म्हणतेस, एकेका टप्प्याचं एकेक, ते मला पटलं. भिजवण, धुलाई, पिळण, रोलर आणि घडी. चादर याच वाटेनं जायची आणि बायकाही. आम्हाला नावं नव्हतीच. भिजवणवाली, पिळणवाली, रोलरवाली. मी घडीवाली. मी अक्षरंसुद्धा चादरींवरून शिकले, वॉर्डाचं नाव कोपऱ्यात शिवलेलं असायचं. 'प्रसूती' हा माझा पहिला जोडाक्षराचा शब्द. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला याहून काय हवं?

आता तू विचारलंस म्हणून रोलरचं सांगते. रोलर म्हणजे तापलेला लोखंडी रूळ, माणसाएवढा लांब. त्यात ओली चादर घालायची, इस्त्री होऊन बाहेर येते. वर एक लाल दांडा. तो ओढला की यंत्र थांबतं. पण चादरीचा जाड काठ घासला तरी थांबायचं, आणि दिवसाच्या चादरी पुऱ्या झाल्या नाहीत की मुकादम आमची सालटी काढायचा. त्यानं सांगितलं, "बांधून टाका तो दांडा." रोलरवालीनं काठाची चिंधी घेऊन दांडा बांधला. तीन दिवसांनी पिळणवाली चादर द्यायला आली, सुरकुती काढायला हात पुढे गेला आणि उजवा हात आत. दांडा हलेना. चार बोटं गेली. मी शेजारच्या खोलीत घडीच्या टेबलावर होते, किंकाळी ऐकून धावले. तिचा हात ओल्या चादरीत गुंडाळून मीच मांडीवर घेतला. चौकशीत रोलरवालीनं सांगितलं, दांडा मोकळा होता. चिंधी तोवर कापलेली. चूक पिळणवालीची ठरली, तिला घरी बसवलं. सव्वीस वर्षं झाली, ती स्वतःलाच वेंधळी म्हणते. दांडा बांधला होता हे तिला आजही ठाऊक नाही. रोलरवालीनं ते फक्त मला सांगितलं. ती माझी चाळीस वर्षांची मैत्रीण आहे, दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिची ओळख पटू देऊ नकोस, एवढं माझं ऐक. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे.

तुझी मावशी


२९ ऑगस्ट

प्रिय मावशी, नमस्कार.

शिंकणारी जिवंत आहे आणि नाटकात घेतली आहे. तिला भिजवणवाली केलंय, साबणाच्या पावडरीचं कारण पुढे करून ती खुशाल शिंकू शकते.

तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. रोलरचं तर सगळ्यांनी दोनदा वाचायला लावलं. आमचे सर, जे कधीच कशाला चांगलं म्हणत नाहीत, ते म्हणाले, "हे चौथं नाटक बाकीच्या चारांना उचलून धरणार." त्यात रंगमंचावर एकच बाई ठेवलीय. ती, यंत्र आणि लाल दांडा. पंधरा मिनिटं ती एकटी बोलते, बोलता बोलता दांडा बांधते आणि शेवटी चौकशीत खोटं बोलते. तू काळजी करू नकोस. तुझी मैत्रीण बुटकी ना? आमची ताडमाड आहे. तिला मुलगी आहे ना? आमचीला मुलगा दिलाय. तिची आई तिला ओळखणार नाही.

संहिता सोबत पाठवतेय. चुका काढ. पेन्सिलीनं काढ, पेनानं काढल्यास तर आमचे सर रुसतात. प्रयोग ऑक्टोबरच्या मधल्या शनिवारी दुपारी आहे. तू येशील ना? आणि धुलाईघराच्या बाकीच्या मावश्या? पण मग तुझ्या मैत्रिणीचं काय?

तुझी भिंगरी


१२ सप्टेंबर

चि. भिंगरी हिस आशीर्वाद.

संहिता तीनदा वाचली. एकदा चष्म्यानं, एकदा भिंगानं आणि एकदा डोळे मिटून. पोरी, तुम्ही शिकलेली माणसं चादर पिळता की उशी कुरवाळता? सतरा चुका काढल्यात, पेन्सिलीनंच. पिळताना दोघींनी उलट्या दिशांना वळायचं असतं, एकाच दिशेला वळलात तर चादर फिरेल आणि तुम्हीही. ओली चादर कधी खांद्यावर टाकत नाहीत, कमरेवर घेतात, बाळासारखी. घडी घालताना कोपरे बोटांनी नाही धरत, दोन बोटांच्या बेचक्यात धरतात, म्हणजे चार कोपरे एका हातात मावतात. तुझ्या पाचव्या नाटकातली घडीवाली चादर गादीवर पसरून घडी घालते. तिला माझ्याकडे पाठव, दोन दिवसांत सरळ करते.

चौथ्यात एक भर घाल. रोलर तापला की नाही ते बघायला बाई बोटं ओली करून पाणी शिंपडायची आणि कान देऊन ऐकायची. 'चर्र' झालं की म्हणायची, "उठल्या बाईसाहेब." रोज, न चुकता. हे घाल, लोक हसतील आणि पुढचं जास्त लागेल. बाकी चौथं ठीक आहे. त्यात काही चूक नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे रोलरवाली येणार. नऊजणींना घेऊन येते, पिळणवालीसुद्धा आहे. रोलरवालीला सोडून आठजणी आल्या, तर सगळ्या विचारतील, ती का नाही? आधी ती नाहीच म्हणत होती. म्हणाली, "आपण काय बघायचं त्यात? आयुष्यभर तेच केलं." मी म्हटलं, "अगं, हसायचं आहे आपल्याला. आपल्या चादरींवर लोक तिकीट काढून बसलेत!" तेव्हा तयार झाली. नवी पातळं काढून ठेवलीत सगळ्यांनी. आठवड्यापूर्वीच. जणू त्याच रंगमंचावर जाणार आहेत.

तुझी मावशी


२० ऑक्टोबर

प्रिय मावशी,

अजून कानात टाळ्या आहेत! तू वर आलीस, सगळे उठून उभे राहिले, तुझ्या हातात मावेनात इतकी फुलं. सरांनी सांगितलं, ही पाचही नाटकं या बाईंच्या पत्रांतून उगवली, तेव्हा तू खाली मान घातलीस. मागच्या रांगेत एक मुलगी रडली. त्या मुलीला मी ओळखत नाही, म्हणजे खरंच रडली.

पण मावशी, काहीतरी झालं ना? पहिल्या तिन्ही नाटकांना तुझ्या मावश्या एवढ्या हसत होत्या की मागचे 'शू शू' करत होते. चौथं सुरू झालं, 'उठल्या बाईसाहेब' आलं, आणि रांगच्या रांग गप्प. दांडा बांधायच्या वेळी उजव्या हातात मोजा घातलेल्या मावशी उभ्या राहिल्या. मध्यंतर नसताना! मग बसल्या. प्रयोगानंतर मी बाहेर आले, तेव्हा त्या एका बुटक्या मावशींसमोर उभ्या होत्या. फक्त एवढंच ऐकलं, "तू बांधलास? सव्वीस वर्षं तू माझ्या घरी येऊन चहा पीत होतीस?" बुटक्या मावशींनी लांबवर तुझ्याकडे पाहिलं. तू फुलं सांभाळत लोकांशी बोलत होतीस. मग त्या एकट्याच रस्त्याला लागल्या, तुमच्या गाडीत बसल्याच नाहीत.

आणखी एक. भिजवणवाल्या मावशींनी मला धरून विचारलं, "पोरी, सगळं झकास. पण रोलरवर झेलणारी कुठाय?" मला काही कळलं नाही. झेलणारी म्हणजे काय गं?

भिंगरी


२७ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

म्हाताऱ्या बायकांचं काय मनावर घेतेस! उचलली जीभ, लावली टाळ्याला. झेलणारी बिलणारी काही नाही, ज्याच्या त्याच्या आठवणी.

रोलरवालीचं वाईट वाटतं. दार लावून बसली होती. मी दोनदा गेले, आतून आवाज नाही. आता लेकीकडे निघून गेली म्हणतात, बाहेरगावी. बाकीच्या तिचं नाव काढत नाहीत. पिळणवाली तर सगळ्यांना सांगत सुटलीय. पण कधी ना कधी हे बाहेर येणारच होतं. सत्य किती दिवस चादरीत गुंडाळून ठेवायचं? पिळणवालीला कळलं, निदान ती आता स्वतःला वेंधळी म्हणणार नाही. तू चांगलंच काम केलंस. दुसरा प्रयोग कधी आहे?

मावशी


९ नोव्हेंबर

घडीवाली,

मी पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. शब्द सुटे सुटे लिहिते, जमेल तसं वाच.

नाटक चांगलं होतं. पोरगी हुशार आहे, तिच्यावर राग नाही. ती कुठं तिथं होती!

रोलरवर बाई एकटी नसते. मी चादर घालायची आणि पलीकडे तू झेलायचीस, झेलून तिथंच घडी. बारा वर्षं आपण समोरासमोर उभ्या होतो. मध्ये फक्त वाफ. शेजारच्या खोलीत घडीचं टेबल कुठलं गं? तिथं तर रॉकेल आणि झाडू असायचे. सतरा चुका काढल्या म्हणून प्रवासभर सांगत होतीस. ही अठरावी दिसली नाही?

चिंधी तू बांधलीस. मी म्हटलं होतं, नको बांधूस. तू म्हणालीस, मुकादमाच्या शिव्या तू खाणार का? ती कापलीसही तू, तिचा हात मांडीवर घ्यायच्या आधी. आधी, घडीवाली. मी पाहिलं. चौकशीच्या कागदावर अंगठे नव्हते, दोघींच्या सह्या होत्या, कारण माझी सही तूच मला शिकवली होतीस.

बाहेर तिनं विचारलं तेव्हा तोंड उघडलं नाही. खोटं मीही बोलले होते, म्हणून अर्धं माझंच होतं. अर्ध्यासाठी पुरं ऐकून घेतलं. वाटलं, तू येशील आणि उरलेलं तुझं तू उचलशील. तू फुलं मोजत होतीस.

लेकीनं विचारलं, आई, ती नाटकातली तू का? काय सांगू?

रोलरवाली


१५ नोव्हेंबर

भिंगरी,

आज खुशाली विचारत नाही. विचारायला तोंड नाही.

तुला लिहिलं त्यात एक बाई कमी होती. ती मी. रोलरवर दोघी लागतात, घालणारी आणि झेलणारी. झेलणारी मी होते. दांडा मी बांधला. चिंधी मीच कापली. तिनं माझ्यासाठी खोटी सही केली, आणि मी तुला लिहिताना सगळं उचलून तिच्या अंगावर घातलं. का, ते विचार. मी स्वतःला विचारून थकले. पहिल्यांदा लिहिताना हात 'मी' म्हणून लिहायला गेला होता. मग वाटलं, माझी भाची हे वाचणार, वाचून दाखवणार. तुझ्यासमोर मला चांगली मावशी राहायचं होतं. एक शब्द बदलला. पुढचं सगळं आपोआप जमत गेलं, खोटं फार आज्ञाधारक असतं. मग तू संहिता पाठवलीस, तेव्हा ती एकटी बाई बघून आधी भ्याले, आणि मग हलकं वाटलं. ते हलकं वाटणं मी आयुष्यभर विसरणार नाही.

तुझ्याकडे एकच मागणं. पुढच्या प्रयोगाआधी चौथं नाटक बदल. पलीकडे दुसरी बाई उभी कर. दांडा तिला बांधू दे. तिचं बोलणं मी लिहून देते, एका रात्रीत नाही, एका तासात. मला पाठ आहे. हवं तर मीच उभी राहते. कान नसले तरी पाय आहेत.

मावशी


२ डिसेंबर

मावशी,

तुझं पत्र मिळून दोन आठवडे झाले.

नाटक बदलणार नाही. पाचही नाटकं विद्यापीठांच्या महोत्सवासाठी निवडली गेलीत. चौथं एकट्या बाईसाठी निवडलं गेलंय, परीक्षकांनी तसंच लिहिलंय. 'एकटी' हाच शब्द वापरलाय. ते करणारी मुलगी याच्या जोरावर पुढच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळवणार आहे. सर म्हणतील, दुसरी बाई आली की धार जाते. आणि खरं सांगू? जाते. मी वहीत लिहून पाहिलं. दोघींच्यात वाटलेलं पाप प्रेक्षकाला पुरत नाही.

पण सरांना मी विचारलंच नाही. तुझं पत्र कुणाला दाखवलं नाही. महोत्सवाच्या पत्रकात 'सत्य घटनेवर आधारित' असं छापून आलंय. मी आज जर सांगितलं, तर पहिली बोटं माझ्याकडे वळतील. म्हणून पत्र ट्रंकेच्या तळाशी ठेवलं, कपड्यांच्या खाली. गप्प बसायला फारसं शिकावं लागत नाही, मावशी. मीही लगेच शिकले.

मी तुझ्यावर रागावले आहे की स्वतःवर, ते मला ठरवता येत नाही. काही दिवस पत्र नको.

भिंगरी


२० डिसेंबर

रोलरवाली हिस,

तुझ्या कमरेचं दुखणं कसं आहे? लेक बरी आहे ना, जावई, नातवंडं? त्या गावी थंडी जास्त, पायांत मोजे घाल. आता तू म्हणशील, हिला खुशाली विचारायचा काय हक्क! नाही. सवयीनं लिहिलं गेलं.

मी काल पिळणवालीकडे गेले होते. तुला न विचारता. जिना चढताना चारदा थांबले, दम लागला म्हणून नाही. तिनंच दार उघडलं, मला बघून डोळे भरले तिचे. आत घेतलं, डाव्या हातानं चहा टाकला. मी म्हटलं, "बस. चहा नको. ऐक. दांडा मी बांधला होता. तिनं नाही, मी." एका दमात. वाटलं, ती ओरडेल. शेजारी जमतील. मी तयार होते.

ती हसली गं. समोर बसली आणि तिच्या उरलेल्या अंगठ्यानं माझं मनगट धरलं. म्हणाली, "तुझा स्वभाव मला माहीत नाही का? दुसऱ्याचं पाप पदरात घ्यायची तुला खोड. मैत्रिणीला वाचवायला आलीस ना?"

मी म्हटलं, "अगं, खरंच मी. शपथ."

ती म्हणाली, "त्या दिवशी माझा हात कुणाच्या मांडीवर होता? तुझ्या. रोज भेटायला कोण यायचं? तू. ती कधी आली का पहिल्या महिन्यात? तोंड दाखवायला लाज वाटत असणार. आणि मी डोळ्यांनी पाहिलंय बाई, नाटकात. ती एकटीच होती."

तू पहिला महिना आली नाहीस, कारण तुला लाज वाटत होती. मी रोज गेले, कारण मला वाटत नव्हती. हे तिला कसं सांगायचं, ते मला सुचलं नाही. तिनं चहा पुढे केला. साखर जास्त घातली होती, मला गोड आवडतं म्हणून. आणि रोलरवाली, मी प्याले. तिसऱ्यांदा नाही सांगितलं. पूर्ण कप प्याले, बशीतला सांडलेलासुद्धा. निघताना ती म्हणाली, "तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून."

तिथून घरी आले ते अजून नीट जेवले नाही. माझ्या तोंडून तिला काही पटणार नाही, ते मीच असं करून ठेवलंय. तुझ्या तोंडून पटेल की नाही, मला माहीत नाही. तू सांगितलंस तर त्यात तिला चांगुलपणा दिसणार नाही, म्हणून कदाचित पटेल. पण मी तुला हे सांगायला बोलवत नाही. तुला मी अजून एकदा माझ्या कामाला लावणार नाही. यायचं की नाही, बोलायचं की नाही, तुझं तू ठरव. तुझ्या लेकीला मात्र सांग, नाटकातली ती तू नाहीस. हे पत्र तिला वाचायला दे. खाली माझी सही आहे, ती तुला ओळखू येते.

शिवी घाल, दोन घाल, पण कोरा कागद पाठवू नकोस आणि गप्प बसू नकोस. गप्प बसण्याचं मला आता भय वाटतं. सुटे सुटे शब्द चालतील. लवकर लिही.

घडीवाली